स्वभावाला औषध



सर आम्हांला मानसशास्त्र शिकवत. वर्गात कुणी काही ठासून सांगितलं, की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि विचारत, "हे मोजलंत कशानं?" या प्रश्नाची आम्हांला धास्ती असे. पुढे कित्येक वर्षं मी महाविद्यालयातल्या मुलामुलींचं समुपदेशन केलं. माप चुकलं की माणसाचं किती नुकसान होतं, ते मी त्या लहानशा खोलीत पाहिलं. म्हणून आज त्यांच्या स्मृतिदिनी हा विषय घेतला आहे. प्रेमसंबंध तुटल्यावर एकजण उन्मळून पडतो आणि दुसरा चार दिवसांत कामाला लागतो, हे कशामुळे होतं?

हा विषय या व्यासपीठाला शोभेल का, अशी शंका एका कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली होती. त्यांना मी एक आकडा सांगितला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. देशभरातल्या या मृत्यूंपैकी साडेचार टक्क्यांच्या नोंदीत कारण म्हणून 'प्रेमप्रकरण' लिहिलेलं आहे. साडेसात हजारांहून अधिक माणसं झाली ही. कुणीही एकाच कारणानं मरत नाही, आणि पोलिसांच्या रकान्यात मात्र एकच शब्द मावतो, हे खरं. तरीही या दुःखाबद्दल चारचौघांत बोलायला हवं, एवढं त्या आकड्यावरून कळतं.

आधी दोघांची गोष्ट सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. दोघं एकाच वर्गात, दोन-अडीच वर्षांचं प्रेम. घरी कळलं, जात आडवी आली, दोन्ही घरांनी नाही म्हटलं. मग दोघांनी मिळूनच थांबायचं ठरवलं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, कुणी कुणाला सोडलं नव्हतं. नातं एक, मुदत एक, शेवटाचं कारणही एक.

मुलगा कोसळला. मेसमध्ये जेवेना. रात्र रात्र फोन हातात धरून तिचं 'लास्ट सीन' बघत बसे, दिवसाला पन्नास-साठ मेसेज टाकी. मित्रच त्याला माझ्याकडे घेऊन आले. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला हजर होती. वही उघडलेली, केस नीट बांधलेले. आठवड्याभरात गॅदरिंगच्या नाटकातही उभी राहिली. मी बोलावून घेतलं तेव्हा "मी ठीक आहे मॅडम" एवढंच म्हणाली आणि मी नोंदवहीत तेच लिहिलं: ठीक आहे. वर्गानं तोवर निकाल देऊन टाकला होता. त्याचं खरं प्रेम होतं, हिनं त्याला खेळवलं.

चार महिन्यांनी परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला ती तासाभरातच उठून बाहेर आली आणि जिन्यावर बसून राहिली. वाचलेलं काही आठवत नव्हतं, हात थरथरत होते. तिचं ते वर्ष गेलं. मुलगा तोवर बराच सावरला होता, कारण त्याच्याभोवती माणसं होती. तिच्याभोवती कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते. मी दुःख अश्रूंनी मोजलं होतं.

हे माप आपल्या अंगात भिनलेलं आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'देवदास' कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. १९३५ साली प्रमथेश बारुआंनी तिचा बोलपट केला आणि हिंदीत सैगल देवदास झाले. दारूत स्वतःला संपवणारा माणूस देशभर खऱ्या प्रेमिकाचा नमुना ठरला. त्याला उत्तर पुण्यातून गेलं. 'प्रभात'चा 'माणूस' १९३९ साली आला, आणि प्रेमापायी आयुष्य उधळण्याला मोठेपणा देणाऱ्या त्या लाटेला उत्तर म्हणूनच व्ही. शांतारामांनी तो केला. शाहू मोडकांचा पोलीस गणपत आणि शांता हुबळीकरांची मैना यांचं प्रेम कुणापेक्षा उथळ नाही. तरी तो चित्रपट जगण्याची बाजू घेतो. मराठी माणसानं अभिमान धरावा अशा गोष्टींत मी त्याला फार वरचं स्थान देते. पण लोकांच्या मनात माप राहिलं ते देवदासचंच. जो जास्त मोडला त्याचं प्रेम जास्त.

हे माप खोटं आहे, हेच मला आज सांगायचं आहे. प्रेम तुटल्यावरचं दुःख प्रेमाच्या खोलीपेक्षा माणसाच्या स्वभावाचा आकार जास्त घेतं. पाणी जसं भांड्याचा आकार घेतं, तसं.

स्वभावच सगळं ठरवतो, असं मात्र नाही. चार्ल्स हिल, झिक रुबिन आणि लेटिशिया अ‍ॅन पेप्लाउ यांनी बोस्टनमधल्या २३१ जोडप्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला. त्यांतली १०३ नाती तुटली. १९७६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात एक साधी गोष्ट ठळक दिसते: ज्याला नातं संपवायचं होतं त्याला कमी त्रास झाला, ज्याच्यावर शेवट लादला गेला त्याला जास्त. हे आपल्यालाही अनुभवानं ठाऊक आहे. नात्यात मारहाण होती का, घरचा धाक होता का, राहायला जागा, हातात नोकरी होती का, यांनीही फरक पडतो. पण माझ्या त्या दोघांसारखी ही सगळी परिस्थिती सारखी असली, तरी दोन माणसं दोन तऱ्हांनी मोडतात. तिथून पुढे स्वभावाचा प्रांत सुरू होतो.

या स्वभावांना मराठीत जुने शब्द आहेत. आपण म्हणतो, तो फार लावून घेतो. ती तेच तेच उगाळत बसते. तो घुमा आहे. शास्त्रज्ञांनी प्रश्नावल्या करून, वर्षानुवर्षं माणसं तपासून जे वर्ग पाडले, ते या शब्दांपासून फार दूर नाहीत.

घुम्या माणसापासून सुरुवात करते, कारण त्याचीच फसवणूक सर्वांत जास्त होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये आजारी मुलांना इस्पितळात एकटं ठेवत, आईला भेटायला फारशी परवानगी नसे. जेम्स रॉबर्टसन यांनी अशाच एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण केलं. तो माहितीपट १९५२ सालचा. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या वागण्यात तीन पायऱ्या पाहिल्या. आधी मूल आकांत करतं, मग खचून पडून राहतं, आणि शेवटी शांत होतं, खेळू लागतं. ही शेवटची पायरी आली की परिचारिकांना वाटे, रुळलं बाळ. पण आई भेटायला आली की ते मूल तोंड फिरवी. ते रुळलेलं नसे. त्यानं आईची वाट पाहणं आतून बंद करून टाकलेलं असे. जिन्यावर बसलेल्या त्या मुलीला पाहिलं तेव्हा मला बोल्बी आठवले, आणि मी त्या परिचारिकांच्या जागी होते.

बोल्बींनी पुढे 'अ‍ॅटॅचमेंट अँड लॉस' हा त्रिखंडी ग्रंथ लिहिला. मूल आणि आई यांच्यातली ही ओढ मोठेपणीच्या प्रेमातही काम करते का, हे सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी तपासलं. त्यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली आणि वाचकांना स्वतःचं वर्णन निवडायला सांगितलं. ६२० उत्तरांवर आधारलेला त्यांचा निबंध १९८७ साली आला. ५६ टक्के लोकांनी आपण निर्धास्तपणे जवळ जातो असं म्हटलं, २५ टक्क्यांना फार जवळीक नकोशी वाटत होती, आणि १९ टक्क्यांना माणूस सोडून जाईल ही धाकधूक सतत होती. ही टक्केवारी तशीच उचलून आपल्याला लावणं मला मान्य नाही. आपल्याकडे प्रेमात दोघांबरोबर दोन घरं असतात. पण हे तीन स्वभाव मात्र मी माझ्या खोलीत रोज पाहिले.

धाकधुकीचा स्वभाव असलेला माणूस नातं तुटल्यावर हाका मारत राहतो. इस्पितळातल्या मुलाचा तोच आकांत. फोन, मेसेज, मित्रांकरवी निरोप, तिच्या घरावरून चकरा. डेव्हिस, शेव्हर आणि व्हर्नन यांनी २००३ साली पाच हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली, तेव्हा धाकधुकीच्या स्वभावाची माणसं जास्त व्याकुळ झालेली, पुन्हा जवळ यायची जास्त धडपड केलेली आणि दारूकडे जास्त वळलेली दिसली. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. हा आकांत मला समजतो, आणि अशा मुलाची मला कळवळ्यानं काळजी वाटते. पण समोरच्यानं नको म्हटल्यावर मागे मागे जाणं हा गुन्हा आहे, आणि दुःख खरं असल्यानं तो माफ होत नाही. एकतर्फी हट्टापायी मुलींचे जीव गेलेल्या राज्यात आपण राहतो. मुलाला कुशीत घ्या, पण त्याच्या हातातला फोन खाली ठेवायला लावा. हे त्याच्याही हिताचं आहे. डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी यांनी नातं नुकतंच तुटलेल्या तरुणांच्या मनःस्थितीची २८ दिवस रोज नोंद घेतली. ज्या दिवसांत जुन्या जोडीदाराशी संपर्क झाला, त्या दिवसांत ओढ आणि दुःख ओसरायला वेळ लागला.

घुम्याची तऱ्हा उलटी. तो मनाचं दार लावून घेतो, आणि बहुतेक वेळा ते दार टिकतं, म्हणून तर जग फसतं. मारिओ मिकुलिन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेले प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. लोकांना तुटलेलं प्रेम आठवायला सांगितलं आणि मग तो विचार बाजूला सारायला सांगितलं. जवळीक टाळणाऱ्या माणसांना ते छान जमलं. मग डोक्यात एक लांबलचक आकडा धरून ठेवायचं आणखी एक काम दिलं. एवढ्याशा ओझ्यानं त्यांचा बांध फुटला. दाबलेले विचार आणि स्वतःबद्दलची कमीपणाची भावना वर आली. दार लावून ठेवायला ताकद लागते, ती दुसऱ्या कामात गेली की दार उघडतं. माझ्या त्या मुलीच्या डोक्यावर परीक्षेचं ओझं होतं. तोवर ती खरंच 'ठीक' होती. माझी चूक तिला एकदाच विचारण्यात होती.

आता लावून घेणारे. माणसांच्या स्वभावाचे पाच मोठे पैलू मानतात, त्यांतला न्यूरॉटिसिझम म्हणजे हाच. अशा माणसाला साधी गोष्टही खोल लागते, जखम भरायला वेळ लागतो. ही त्याची नाटकं नसतात. "एवढं काय मनाला लावून घेतोस" हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यातून त्याला एवढंच कळतं की त्याच्या दुःखावर त्याचा हक्क नाही.

लावून घेण्याचं रूपांतर आजारात होतं ते उगाळण्यानं. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर याचा अभ्यास केला. स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांना खिन्नता आली की ते काय करतात, हे त्यांनी तपासून ठेवलं होतं, आणि योगायोगानं ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएताचा भूकंप झाला. भूकंपाआधीच ज्यांना उगाळायची सवय होती, ते भूकंपानंतर जास्त खिन्न राहिले. सवय आधी मोजली होती, संकट नंतर आलं, म्हणून हा पुरावा भक्कम आहे. प्रेम तुटणं हाही घरचा भूकंपच.

उगाळणाऱ्या माणसाला आपण काय सल्ला देतो? मनातलं सगळं लिहून काढ. मीही वर्षानुवर्षं हाच सल्ला दिला. मग २०१३ साली स्बारा आणि सहकाऱ्यांचा, जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० जणांवरचा प्रयोग वाचनात आला आणि मी थबकले. काहींना भावना मोकळ्या करत लिहायला सांगितलं, काहींना दिवसभरात काय केलं एवढंच कोरडेपणानं. जे आधीच 'असं का झालं' याचा अर्थ शोधत बसले होते, त्यांना भावना लिहिण्यानं फायदा झाला नाही, उलट मागे ओढलं. त्यांच्यातले कोरडी दिनचर्या लिहिणारेच लवकर सावरले. सकाळी उठलो, चहा केला, सायकलला हवा भरली. उगाळणाऱ्या मनाला हे औषध आहे. घुम्या माणसाला मात्र हेच औषध दिलं, तर त्याला लपायला आणखी एक खोली मिळते. त्याला बोलतं करावं लागतं, हळूहळू, आणि न रागावता. सगळ्यांना एकच सल्ला देणारे समुपदेशक, नातेवाईक आणि मोबाइलवरची व्याख्यानं यांना माझी विनंती आहे, की आधी समोरचा माणूस कोणत्या मातीचा आहे ते पाहा.

आता कुणी विचारेल, आणि सरांनीही विचारलं असतं: स्वभावानंच जर हे होत असेल, तर करायचं काय? आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. या म्हणीशी मी भांडायला आले आहे.

२०१६ साली लॉरेन होव आणि कॅरल ड्वेक यांनी दाखवलं, की स्वभाव बदलत नाही असं मानणाऱ्या माणसांना नकार जास्त काळ सलतो. कारण नकाराचा अर्थ ती असा लावतात, की माझ्यातला कायमचा दोष उघडा पडला. मग पुढच्या नात्यातही तो दोष लपवत फिरतात. स्वभाव घडत-बदलत असतो असं मानणारी माणसं त्याच अनुभवाकडे झालेली एक घटना म्हणून बघू शकतात. म्हणजे ही म्हण निरुपद्रवी नाही. पोरीला "तुझा स्वभावच असला" म्हणणारी आई तिचं दुःख लांबवत असते.

आणि म्हण खरीही नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र करून पाहिले. उपचार आणि समुपदेशन यांनी स्वभाव मोजण्याइतका बदलतो, आणि सर्वांत जास्त बदलतो तो हाच लावून घेण्याचा पैलू. उपचारांचा सरासरी काळ होता २४ आठवडे. आपल्या भाषेत एक सहामाही.

लोकांना स्वतःच्या सावरण्याचा अंदाजही येत नाही. पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासासाठी प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं, की नातं तुटलं तर तुम्हांला किती त्रास होईल. त्यांतल्या २६ जणांची नाती पुढे तुटली. प्रत्यक्षातला त्रास त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघाला, आणि जे जास्त प्रेमात होते त्यांचा अंदाज जास्त चुकला. ज्याचं प्रेम जास्त तो जास्त मोडणार, असं प्रेमिकाला स्वतःलाही वाटतं. देवदासचं माप त्याच्याही हातात असतं.

एक गोष्ट राहिली. घरात मृत्यू झाला की आपल्याकडे सुतक असतं. दहा-बारा दिवस माणसं येतात, जेवण शेजारून येतं, कामावर कुणी विचारत नाही. दुःखाला जागा आणि मुदत मिळते. तुटलेल्या प्रेमाला सुतक नाही. ते प्रेमच घरापासून लपवलेलं असतं, मग त्याचं जाणं कुणाला सांगणार? केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ साली अशा दुःखाला नाव दिलं, समाजाची मान्यता नसलेला शोक. जातीबाहेरच्या, धर्माबाहेरच्या प्रेमाचं आणि दोन मुलींच्या किंवा दोन मुलांच्या प्रेमाचं दुःख तर दोनदा लपवावं लागतं. अशा वेळी रडणाऱ्याला निदान मित्र मिळतात. घुमा मात्र एकटाच उरतो, आणि लोक त्याला निर्दय म्हणतात.

सभागृहात आईवडील आहेत, शिक्षक आहेत, वसतिगृहांचे रेक्टरही आहेत. तुम्हांला एवढंच सांगायचं आहे. ज्याचं प्रेम तुटलं त्याचं प्रेम किती खरं होतं, हा निकाल तुम्ही देऊ नका. रडणाऱ्याजवळ बसा. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर ते खरं माना, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि जी मुलगी दुसऱ्याच दिवशी केस बांधून तासाला आली, तिला पुन्हा विचारा. महिन्यानं विचारा, आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तर नक्की विचारा.